मिस्त्री म्हणाले, हवा धरलीय

प्रिंटर बिघडला तर त्यानं निदान सरळ बिघडावं. आमचा दिवसभर शहाण्यासारखा चालतो. सकाळी माझी कागदपत्रं काढून देतो, दुपारी बायकोची. संध्याकाळी साडेसात वाजले, घरात खरी गरज उभी राहिली, की वायफायचा निळा दिवा लावतो, पोटातून घर्रर्र करतो आणि गप होतो. मिनिटभरानं आपला आपणच उठतो. पुन्हा निळा दिवा, पुन्हा घर्रर्र, पुन्हा गप.

वायफाय बंद करून वायर जोडली की चालतो. मग वायरच जोडा की, असं तुम्ही म्हणाल. बायकोही तेच म्हणाली. पण वायरच जोडायची होती तर वायफायवाला म्हणून जादा पैसे कशाला मोजले? शिवाय फोटो तिच्या मोबाइलमध्ये, वायर आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरपुरती, आणि तो कॉम्प्युटर चालू व्हायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात रंकाळ्याला एक फेरी मारून होते.

गरज काय, तर मुलीचा शाळेचा प्रकल्प. विषय राधानगरी धरण आणि राजर्षी शाहू. चित्रं रंगीत हवीत, छापील हवीत आणि उद्या हवीत. यातलं ‘उद्या’ तिला रात्री आठ वाजता आठवलं.

कंपनीला फोन लावून झाला होता. तिथल्या मुलीनं हिंदीतून अत्यंत प्रेमानं राउटर बंद करायला लावला, 30 सेकंद थांबायला लावलं, चालू करायला लावला आणि ‘आणखी काही मदत करू शकते का’ असं विचारलं. आधीची मदत कुठली ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी स्वतः अभ्यासाला बसलो. बरेच घरगुती प्रिंटर वायफायच्या लहरींच्या 2.4 गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात, राउटर मात्र हल्ली 5 गिगाहर्ट्झही देतो आणि दोन्हींना एकच नाव लावतो. त्या 2.4 मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत घराला घर लागून, भिंतीला भिंत. म्हणजे पंचवीस-तीस वायफाय त्या तीन चॅनेलवर मांडीला मांडी लावून बसलेले, त्यात कुणाचा तरी मायक्रोवेव्हही साधारण 2.45 वर फिरतोय. संध्याकाळीच का मरतो, याचा खुलासा झाल्यासारखा वाटला. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा घर नंबर, राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला. साडेसात वाजले. घर्रर्र. गप.

आणि दारात मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे. उभा जन्म कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवर आणि ऑइल इंजिनाच्या जुळणीत गेला. आता निवृत्त आहेत, म्हणजे गल्लीतल्या कुठल्याही बिघाडाला मोकळे आहेत. आमच्या दोन घरांत नातू, वाटी आणि वायफाय या तीन गोष्टींची ये-जा असते. वायफाय ‘तेवढं पोराच्या ऑनलाइन शाळंपुरतं’ म्हणून लॉकडाउनमध्ये गेलं. पोरगं आता कॉलेजला आहे, वायफाय परत आलेलं नाही.

“काय सायेब, इंजिन धरंना व्हय?”

“प्रिंटर आहे हो, मिस्त्री.”

“त्येच की. चालू हुतंय, हिसका देतंय, बंद पडतंय. हवा धरलीय.”

“यात डिझेल नसतं.”

“शाई हाय न्हवं? पातळ पदार्थ नळीतनं जातोय म्हटल्यावर हवा धरणारच. तुमी शिकल्याली मान्सं, तुमास्नी आमी काय सांगायचं?”

राग कशाचा आला म्हणाल तर त्यांचं बरोबर होतं याचा. शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरच्या नळ्यांत हवा खरंच शिरते. पण तेव्हा छपाई फिकट येते, प्रिंटर मरत नाही. हे मी सांगितलं. वायर लावल्यावर चालतो, हेही सांगितलं. मिस्त्रींनी तंबाखू मळली, थाप मारली, दाढेला लावली आणि प्रिंटरकडं बघत राहिले.

“म्हंजे लोडवर बसतंय.”

“वायफायला कसला लोड?”

“सांजच्याला समदी गल्ली टीव्ही लावती, मोबाइल लावती. प्रेशर पडतंय. नळाला न्हाई का, सकाळी समद्यांनी तोट्या सोडल्यावर?”

तीन दिवस वाचून मी जे ज्ञान मिळवलं होतं ते त्यांनी तंबाखूच्या एका चिमटीत काढलं. 2.4 गिगाहर्ट्झ हा शब्द मी मग उच्चारलाच नाही.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. मला वाटलं खोलतायत. तर त्यांनी त्याचं टोक प्रिंटरच्या कडेला टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. उद्यमनगरात इंजिनाच्या आतला आवाज असाच ऐकतात. मुलगी गृहपाठ सोडून बघायला आली. बायको ओट्यापाशी पदर तोंडात धरून उभी.

“बेरिंग चांगलं हाय,” मिस्त्री म्हणाले.

“त्यात बेरिंग...”

“श्‍श. आन हे बगा, काम आलंय त्याला. बिनकामाचं न्हाई बंद पडत. कुटनं तरी लोड पडला की मगच बसतंय.”

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. त्यावर त्यांनी चहा मागितला आणि गावाचा इतिहास काढला, हे त्याचं कारण. “ह्या कोल्लापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं केला, सायेब. हातानं! आनि तुमाला आयता आणलेला प्रिंटर चालवायला येईना.” कॅमेऱ्याची गोष्ट खरी, 1918 सालची. फक्त त्यांच्या कॅमेऱ्याला पासवर्ड नव्हता, हे कोण सांगणार?

मग मिस्त्रींना प्रकल्पाचा विषय कळला. “राधानगरी? अगं पोरी, त्या धरणाचं दरवाजं माहीत हाईत का तुला? सात दरवाजं. पाणी लेव्हलला आलं की आपोआप उघडत्यात, उतरलं की आपोआप मिटत्यात. बटन न्हाई, फोन न्हाई, कंपनीला इचारायचं न्हाई!” मुलीनं ते लगेच वहीत लिहून घेतलं. माझ्याकडं त्यांनी अशा नजरेनं बघितलं की त्या धरणाच्या मानानं मीच कमी पडलो.

मिस्त्रींचं एक मात्र मला पटतं, आणि ते त्यांच्यासमोर कबूल करण्याची माझी तयारी नाही. इंजिन बिघडलं तर ते सांगतं. धूर काळा की पांढरा, आवाज कुठून येतो, तेल कुठं गळतंय. आमच्या यंत्राला एकच शब्द येतो: ‘ऑफलाइन’. शाई संपली तरी ऑफलाइन, राउटर हलला तरी ऑफलाइन, मेला तरी ऑफलाइन. लिनक्स नावाच्या प्रणालीत म्हणे प्रिंटरसाठी ‘ऑन फायर’ असा एक संदेश पूर्वीपासून लिहून ठेवलेला आहे. पेटला तर पेटला, पण बोलतो तरी.

हा राग जुना आहे आणि माझ्यापेक्षा मोठ्या माणसांना आलेला आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत 1980च्या सुमारास एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा, आणि अडकलाय हे दुसऱ्या मजल्यावर बसलेल्यांना कळायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तिथल्या प्रोग्रामरला त्याच्या प्रोग्राममध्ये दुरुस्ती करून ते कळण्याची सोय करायची होती. पण कंपनीचा प्रोग्राम कुलुपात. ज्याच्याकडं प्रत होती त्यानं गुप्ततेचा करार केलेला, त्यानंही दिली नाही. ती सल स्टॉलमनच्या मनात राहिली, आणि 1983 मध्ये त्यानं जीएनयू प्रकल्प जाहीर केला, म्हणजे कुणालाही उघडून बघता, बदलता येतील अशा प्रोग्रामांचा. मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळ त्यातून उभी राहिली. त्याच्या शेजारी मिस्त्री नव्हते म्हणून त्याला एवढा वेळ मिळाला, असं माझं मत आहे.

चहाचा दुसरा कप चालू असताना प्रिंटर पुन्हा उठला. निळा दिवा, घर्रर्र. पण त्या दिवशी त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं कागद आत ओढला. आम्ही चौघंही वाकलो. कागद इंचाइंचानं बाहेर येऊ लागला, अर्ध्यावर थांबला, आणि प्रिंटर मेला.

कागदावर कान होता.

एकच कान. रंगीत, ए-फोर कागद व्यापून उरलेला. पाळीत सोन्याची बाळी, मागं थोडे केस आणि कोपऱ्यात भगव्या पट्टीचा तुकडा. धरण नव्हतं, शाहू महाराज नव्हते. मुलगी घाबरून आईमागं गेली.

मिस्त्रींनी कागद ओढून काढला, दिव्याखाली धरला, लांब केला, जवळ आणला.

“ह्यो आमच्या बाळ्याच्या दोस्ताचा कान हाय,” ते म्हणाले. “ऐतवारी वाडदिवस हाय त्येचा.”

बाळ्या म्हणजे त्यांचा नातू, वायफायचा मूळ लाभार्थी. रेंज चांगली येते म्हणून रोज संध्याकाळी कॉलेजातून आला की आमच्या जिन्यावरच लॅपटॉप उघडून बसतो. तेव्हाही तिथंच होता. त्याला आत बोलावला.

“सॉरी काका. मागं हॉल तिकीट काढल्यालं न्हवं का तुमच्याकडं, तवापास्नं डिफॉल्टला तुमचाच प्रिंटर ऱ्हायलाय. मी पीडीएफ करायला गेलो, गेलं तुमच्याकडं.”

“काय गेलं?”

“भावाचा फ्लेक्स.”

“केवढा?”

“दहा बाय आठ.”

“इंच?”

“फूट, काका.”

म्हणजे मंगळवारपासून रोज संध्याकाळी बाळ्याचा लॅपटॉप उघडला, आमचा प्रिंटर त्याला वायफायवर दिसला, की रांगेत अडकलेला तो दहा फुटी भाऊ आमच्या चिमुकल्या मेमरीत घुसायला बघत होता. प्रिंटर गुदमरून पडायचा. उठला की लॅपटॉप पुन्हा तेच पाठवायचा. दिवसा बाळ्या कॉलेजात, म्हणून दिवसा सगळं सुरळीत. वायरनं चालायचा, कारण वायफाय बंद असताना भावाला आत यायला वाटच नव्हती. नुसतं ‘कॅन्सल’ दाबून भाऊ जाईना. शेवटी बाळ्याच्या लॅपटॉपमधली छपाईची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर नावाची सेवा थांबवली, स्पूलच्या फोल्डरमधलं सगळं पुसलं, सेवा पुन्हा चालू केली. प्रिंटर दोन मिनिटांत माणसात आला.

मिस्त्री खुर्चीत मागं टेकले. “मी काय म्हटलं हुतं? लोड. कुटनं तरी लोड पडतोय म्हटलं हुतं का न्हाई?”

म्हटलं होतं. तो लोड त्यांच्याच घरातून येत होता, एवढाच तपशील राहून गेला होता. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ना आजोबा, ना नातू, ना घरातलं माझं माणूस. उलट बायकोनं बाळ्याला शंकरपाळे दिले, ‘अभ्यास कसा चाललाय’ म्हणून विचारलं. भगव्यात आणि पिवळ्यात माझी किती शाई गेली हे विचारायला कुणाची जीभ वळली नाही. छापून आलेला कान मिस्त्री घेऊन गेले, दोस्ताला दाखवायला.

रविवारी चौकात फ्लेक्स लागला. दिव्याच्या खांबाला बांधलेला, मेडिकलच्या पाटीवर अर्धा आलेला, त्यामुळं नवा माणूस मेडिकल शोधत फिरतो. त्यावर मी बोलायचं नाही असं घरात ठरलं आहे, कारण शुभेच्छुकांच्या ओळीत शेवटून तिसरं नाव माझं आहे. आडनाव चुकलंय. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललाय, त्यात मी शिंकतोय. भाजीला गेलो की बाया विचारतात, पक्षात कधी आलात? मिस्त्री म्हणतात, “फुकटात नाव लागलं की सायेब, लोकं पैसं मोजत्यात त्यासाटी.”

सोमवारी मी वायफायचा पासवर्ड बदलला. कुणाला सांगितलं नाही, गाजावाजा केला नाही. संध्याकाळी साडेसातला मिस्त्री दारात.

“सायेब, तुमच्या वायफायनं हवा धरली काय? रेंज दावतंय, पर आत घेईना झालंय.”

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आतून बायको म्हणाली, “थांबा मामा, नवीन पासवर्ड आहे, लिहून देते.”