प्रतिनिधित्व द्यावं, पण सांभाळून

संसद लोकांसारखी दिसत नाही, अशी ओरड अधूनमधून होते. २०२४ साली ५४३ जागांवर ७४ बायका निवडून आल्या. खासदारांची स्वतःची शपथपत्रं पाहिली, तर दहातले नऊ कोट्यधीश. यावरून कोणी गडबड सुरू केलीच, तर घाबरू नका. कुणाचं काही न बिघडवता प्रतिनिधित्व देता येतं. दिल्लीला हे नवीन असेल. कोकणातल्या गावपुढाऱ्याला नाही.

पहिली गोष्ट, विरोध कधीही करू नका. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ साली पहिल्यांदा आलं, तेव्हा लोकांनी विरोध केला आणि उगाच नाव खराब करून घेतलं. २०२३ साली शहाणपण आलं. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत एकही मत विरोधात नाही. एक तृतीयांश जागा देऊन टाकल्या. कधीपासून? कायदा लागू झाल्यानंतरची पहिली जनगणना, तिचे आकडे, मग मतदारसंघांची पुनर्रचना, आणि मग. राज्यसभा आणि विधान परिषद त्यात धरलेलीच नाही, म्हणजे ज्यांची जागा जाईल त्यांची सोय मागच्या दाराने. राज्यांच्या वाट्याचे खासदार १९७१ च्या जनगणनेवर गोठवले होते, तेव्हा वाट पाहण्याची सवय देशाला आहेच.

आपल्याकडे धोका जरा जास्त आहे, हे मान्य करावं लागेल. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईला, गाव बायकांच्या हातात. लोकसंख्येसारखी संसद म्हटली, तर इथून कोण जायला हवं याचा हिशेब पोरगंसुद्धा करील. दाखला हवा असेल तर शारदा मुखर्जींचा द्या. १९६२ आणि १९६७ साली त्या रत्नागिरीतून लोकसभेवर गेल्या. ८ मार्चच्या भाषणाला हा एक दाखला अजून बरीच वर्षं पुरेल.

आता गावातलं काम. इथे महाराष्ट्राने २०११ पासून निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत, म्हणजे टाळाटाळीला वाव नाही. सरपंचपदाचं आरक्षण सोडतीने ठरतं. तहसीलला बरणी ठेवतात, लहान मूल चिठ्ठी काढतं. चिठ्ठी ‘सर्वसाधारण महिला’ निघाली की चेहरा पाडू नका. चिठ्ठीने प्रवर्ग ठरतो, घर नाही. घर आधीच ठरलेलं असतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असल्यामुळे सगळ्या वाड्यांत ओळखीचं नाव लागतं, आणि तुमच्या सुनेचं आडनाव सगळ्यांना पाठ आहे. मुलगी नको, ती लग्न होऊन जाईल. बचत गट चालवणारी तर नकोच, तिला हिशेब येतो.

निवडून आल्यावर फलकावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत घाला आणि खाली मोबाइल नंबर तिच्या नवऱ्याचा. चेकवर तिची आणि ग्रामसेवकाची सही लागते, ती घरपोच घ्यावी. कुणी रस्त्यात अडवून काही विचारलंच तर ‘घोवाक इचारून सांगतंय’ एवढं तिने म्हणावं. पाच वर्षांत तिला कामाची माहिती होते, हा या पद्धतीतला एकमेव दोष. पण पुढच्या खेपेला आरक्षण फिरतं आणि शिकलेली बाई आपोआप घरी जाते. यात तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

खरी काळजी घ्यायची ती ग्रामसभेची. खासदार पाच वर्षांतून एकदा लोकांपुढे येतो, तुम्हाला वर्षातून किमान चारदा यावं लागतं. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमवणं कठीण नाही, म्हणूनच जमवू नका. कायद्याचा सगळ्यात सुंदर भाग पुढे आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. तेव्हा पहिली सभा पडू द्या. दुसरीला आपली पंधरा माणसं, चहा, ठराव.

तारखा मात्र पंचांग बघून नव्हे, धंदा बघून काढाव्यात. १ मे उत्तम. आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, झाडाखालून कोण उठून येतो? जुलैत लावणीची दुपार चालेल, पण खारवीवाडी असेल तर जपून. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या आणि खलाशी घरी. तो माणूस जेटीचं काय झालं ते विचारायला मोकळा असतो. अशा गावात ऑगस्टपर्यंत थांबा, सभा होड्या बंदराला लागायच्या वेळेला ठेवा. खलाशी होडीवर आणि कोळणी लिलावाला, सभा शांत. गणपतीत चुकूनही नको. चाकरमानी आलेला असतो, त्याला मुंबईतल्या सोसायटीच्या सभांची सवय असते आणि तो मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगतो.

दर ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिला हळदीकुंकू जोडा. वाण घेण्याच्या रांगेतच हजेरीच्या सह्या होतात आणि पान भरतं. शिवाय विधवा येत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे का थांबले, हा प्रश्न ज्या विचारणार त्याच नेमक्या. हे कुणी योजून केलं, असंही म्हणता येत नाही, परंपरा आहे. बौद्धवाडीच्या बायकांचाही प्रश्न सुटतो, त्यांना त्या हळदीकुंकवात रस नसतो. दोन्ही रिकाम्या जागांपुढे ‘सर्वानुमते’ लिहावं.

एवढं करूनही एखादा वाचणारा पोरगा आयर्लंडचं काढील. तिथे २०१६ साली ९९ सामान्य माणसं वय, लिंग, प्रदेश बघून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, एक न्यायाधीश अध्यक्ष नेमली आणि गर्भपातासारखा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तज्ज्ञांचं ऐकलं, आपसात वाद घातला, शिफारस केली. २०१८ च्या सार्वमतात देशाने तोच कौल दिला. सांगा की हे परदेशातलं आहे, आपल्या मातीतलं नाही.

इथे मात्र अडचण येऊ शकते. तमिळनाडूत उत्तिरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर दहाव्या शतकातला चोळांचा लेख आहे. ताडपत्रावर नावं, नावं मडक्यात, आणि लहान मुलगा हात घालून समितीचा सदस्य काढतो. आपल्या तहसीलसारखंच, फक्त तिथे प्रवर्ग नाही, माणूसच निघतो. पोरगा फार बोलला तर त्याच लेखातल्या अटी वाचून दाखवा. जमीन हवी, स्वतःचं घर हवं, वय ३५ ते ७० हवं, वेद यायला हवेत. एवढ्याने तो गप्प बसेल, बाकीचे हसतील.

पण तिथेच थांबा, पुढची अट वाचू नका. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, त्याचं नाव मडक्यात पडत नाही. त्याच्या नातलगांचंही नाही. कुणी ती ओळ स्वतःहून वाचलीच, तर विषय महत्त्वाचा आहे, सविस्तर चर्चा व्हायला हवी, असं म्हणून पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटी टाका. आणि सभा १ मेला घ्या.