पुतळ्याच्या अंगावरचा शर्ट

दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडला कपडे घ्यायला जाणारा माणूस एकतर शूर असतो, नाहीतर विवाहित. मी दुसरा. एका दुकानाच्या काचेत आकाशी शर्ट दिसला आणि हिनं निकाल दिला, "हाच घ्या. त्याला बघा कसा बसलाय!"

त्याला म्हणजे पुतळ्याला.

आत कळलं की तेवढा एकच पीस उरलाय, तोही त्याच्या अंगावरचा. दुकानातल्या पोऱ्यानं पुतळ्याचा डावा हात खांद्यातून निखळवला, "काका, जरा धरा," म्हणून माझ्याकडे दिला आणि बटणं काढायला लागला. भर गर्दीत तिसरा हात घेऊन मी उभा. एका आजींनी नातवाला जवळ ओढलं.

करायचं काय, म्हणून मोबाइलवर 'मॅनिकिन', म्हणजे असला दुकानातला पुतळा, हा शब्द शोधला. मूळ शब्द डच. 'मान' म्हणजे माणूस; आपण घराचं घरकुल करतो तसं त्यांनी मानचं 'मानेकेन' केलं, छोटा माणूस. जिवंत माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहत नाही, म्हणून चित्रकार सांध्यांत वळणारी लाकडी बाहुली समोर ठेवायचे, तिलाही हेच म्हणायचे. फ्रेंचांनी शब्द उचलला. पुढे 19व्या शतकात पॅरिसमध्ये चार्ल्स वर्थ नावाच्या बड्या शिंप्यानं स्वतः शिवलेले कपडे बायकोला, मारीला, घालून गिऱ्हाइकांपुढे मिरवायला लावलं. अशा जिवंत बायकांनाही तिथे मॅनिकिनच म्हणू लागले. आणि व्याकरणात शब्द मात्र पुल्लिंगीच! वर्थनं बायकोचा पुतळा केला. आमच्याकडे उलटी रीत आहे.

ब्रुसेल्सचा 'मानेकेन पिस' हा पुतळा याच भावकीतला. (या पिसचा कापडाच्या पीसशी संबंध नाही.) 1619 सालापासूनचं हे नागडं पोर कोपऱ्यावर उभं राहून बिनधास्त लघवी करतंय आणि लोकांनी त्याला हजारावर पोशाख शिवलेत. इथे मी एका गरीब पुतळ्याचा एकुलता एक शर्ट ओढून घेत होतो.

शर्ट निघाला तेव्हा पाठीमागून नऊ टाचण्या आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा निघाला. म्हणजे बसला त्यालाही नव्हताच! मी पोऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

हात काखोटीला मारून ट्रायल रूममध्ये गेलो. पुतळ्याला मागून आवळावा लागलेला शर्ट माझ्या पोटावर पुढून आवळला. शेवटून दुसरं बटण लागेना. बाहेर आलो तर पोऱ्या म्हणाला, "काका, श्वास धरलात की परफेक्ट आहे." हिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उघड्या पुतळ्याकडे. माझ्याकडे जरा कमी वेळ.

"घ्या," ती म्हणाली, "बटण सरकवून देईन मी."

पैसे देऊन मी घाईनं रस्त्यावर आलो. मागून पोऱ्या ओरडत पळत आला, "काका, हात! हात!"

पोरगं प्रेमळ दिसतंय, निरोप द्यायला आलं, असं वाटून मी वळलो आणि हात केला. त्याचाच.