लिंबूटिंबूंना हाकला म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. शाळेच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि एकदा तर मामेभावाने खास माझ्यासाठी म्हणून पाठवला. वर अनेकदा फॉरवर्ड झाल्याचा तो दुहेरी बाण. मजकूर थोडक्यात असा: कसोटी क्रिकेट वाचवायचं असेल तर सहाच संघ ठेवा. बांगलादेशला पंचवीस वर्षं दिली, काय उजेड पाडला? झिम्बाब्वे, आयर्लंड, अफगाणिस्तान हे सगळे मतांच्या राजकारणातून आत आलेले. यांची संघनिवड म्हणजे पोरखेळ. यांच्याविरुद्धच्या धावांनी विक्रमांची किंमत उतरते. तेव्हा या लिंबूटिंबूंना खालच्या गटात टाका, आपापसांत खेळून शिकतील, लायक झाले की वर येतील. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही.

‘पंचवीस वर्षं दिली, काय उजेड पाडला?’

वर्षंच मोजायची तर आधी आपली मोजू. भारत पहिली कसोटी खेळला जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर, आणि पहिली जिंकला फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासच्या चेपॉकवर. विजय हजारे कर्णधार, विनू मंकडच्या सामन्यात बारा विकेट. तो आपला पंचविसावा सामना होता. मध्ये महायुद्ध होतं हे मान्य, पण वीस वर्षं ती वीस वर्षंच. बरं, जिंकल्यावर तरी गाडी रुळावर आली का? चारच महिन्यांनी इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला दुसऱ्या डावात आपली अवस्था होती शून्यावर चार. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघे तंबूत आणि फलकावर एकही धाव नाही. समोर पहिलीच कसोटी खेळणारा फ्रेड ट्रूमन. त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डला आपण एका दिवसात दोनदा बाद झालो, 58 आणि 82. त्या वेळी व्हॉट्सॅप असतं तर लंडनच्या एखाद्या काकांनी हाच मजकूर भारताचं नाव घालून पाठवला असता.

न्यूझीलंडची कथा तर याहून रडकी. पहिली कसोटी 1930 ला, पहिला विजय 1956 ला, पंचेचाळिसाव्या सामन्यात. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच ऑकलंडच्या ईडन पार्कवर, इंग्लंडने त्यांना 26 धावांत गुंडाळलं होतं. हा नीचांक अजून कुणी मोडलेला नाही. शेजारचा ऑस्ट्रेलिया त्यांच्याशी 1946 मध्ये एक कसोटी खेळला आणि मग थेट 1973 च्या डिसेंबरपर्यंत फिरकला नाही. सत्तावीस वर्षं! ‘आमच्या तोडीचे नाहीत’ हेच कारण. आणि याच न्यूझीलंडने 2021 मध्ये आपल्याला हरवून पहिली जागतिक कसोटी स्पर्धा जिंकली, आणि 2024 मध्ये आपल्या घरात येऊन आपल्याला 3-0 धुतलं. पुण्याजवळ गहुंज्याला सँटनरने तेरा विकेट काढल्या तेव्हा ‘यांना खालच्या गटात टाका’ म्हणायला कुणी उभं राहिलं नाही.

आता बांगलादेश. पहिली कसोटी नोव्हेंबर 2000, ढाक्यात, आपल्याविरुद्ध. पहिला विजय जानेवारी 2005, पस्तिसाव्या सामन्यात. वर्षांत मोजलं तर भारत, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका (1889 ते 1906, सतरा वर्षं) या तिघांपेक्षाही लवकर. सामन्यांत मोजलं तर आपल्यापेक्षा उशिरा, न्यूझीलंडच्या आधी. म्हणजे ‘उजेड’ कुठल्या मापाने मोजायचा हे मजकूर लिहिणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवलंय.

एक मात्र कबूल करतो. बांगलादेश दीडशेच्या वर कसोट्या खेळलाय, तेव्हा ‘बिचाऱ्यांना संधीच मिळाली नाही’ असं सरसकट म्हणता येणार नाही. ढाक्यात मीरपूरला खेळपट्टीचा फिरकीसाठी आखाडा करून घरात जिंकायचं आणि बाहेर गेलं की तीन दिवसांत सामान बांधायचं, हेही त्यांनी बरीच वर्षं केलं. पण संधी कुठे मिळाली तेही बघा. त्यांची पहिली कसोटी आपल्याविरुद्ध असूनही आपण त्यांना भारतात कसोटी खेळायला पहिल्यांदा बोलावलं 2017 मध्ये, हैदराबादला, तीही एकच. ऑस्ट्रेलियाने 2003 मध्ये बोलावलं ते ऐन हिवाळ्यात, डार्विन आणि केर्न्सला. मेलबर्न नाही, सिडनी नाही. त्यानंतर वीस वर्षं उलटली तरी कसोटीसाठी पुन्हा बोलावणं गेलं नव्हतं. गल्लीत कच्चा लिंबू म्हणून घेतलेल्या पोराला बॅटिंग मिळते ती अंधार पडल्यावर, आणि मग आपणच म्हणतो, याला बॉल दिसत नाही.

‘संघनिवड म्हणजे पोरखेळ’

हा मुद्दा मला सगळ्यात रंगतदार वाटतो, कारण यात थोडं तथ्य आहे. मोहम्मद अश्रफुलला सतराव्या वर्षी कोलंबोत उतरवलं. समोर श्रीलंकेचा फिरकीपटू मुरलीधरन असताना त्याने पदार्पणात शतक ठोकलं आणि कसोटीतला सर्वांत लहान शतकवीर झाला. पुढे एकसष्ट कसोट्यांत त्याची सरासरी राहिली 24. पोराला कधी बसवायचं, कधी खेळवायचं, हे त्या निवड समितीला उमगलंच नाही.

पण आता दुसरं उदाहरण घ्या. इबादत हुसेन. मूळचा व्हॉलीबॉलपटू, नोकरी हवाई दलात, वेगवान गोलंदाजांच्या शोधमोहिमेतून पुढे आलेला. 2022 सुरू झालं तेव्हा दहा कसोट्या खेळून त्याची गोलंदाजीची सरासरी ऐंशीच्या पुढे होती. ऐंशी! आपल्याकडे अशा गोलंदाजावर दुसऱ्या कसोटीनंतरच मीम्स सुरू झाली असती आणि चौथ्यानंतर तो रणजीतही दिसला नसता. बांगलादेशच्या निवड समितीने त्याला धरून ठेवलं, कारण तिला घरच्या खेळपट्ट्यांवर उपयोगी पडणारा नाही तर बाहेर जोरात चेंडू टाकणारा माणूस हवा होता. जानेवारी 2022, माउंट माँगानुई. समोर कसोटीचा जगज्जेता न्यूझीलंड, सतरा कसोट्या घरात न हरलेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी इबादतने जुन्या चेंडूवर मधली फळी कापली, पाचव्या दिवशी सकाळी उरलेलं काम केलं. 46 धावांत सहा बळी. प्रत्येक विकेटनंतर टाचा जुळवून कडक सॅल्यूट. बांगलादेश आठ विकेट राखून जिंकला. न्यूझीलंडमध्ये न्यूझीलंडविरुद्धचा तो त्यांचा कुठल्याही प्रकारातला पहिला विजय.

ही निवड पोरखेळ होती की जुगार, यावर वाद घाला. पण दहा सामने मार खाणाऱ्या माणसाला अकरावा देणं हे धाडस आहे, आणि मोठ्या संघांना ते हल्ली परवडत नाही.

त्याचं फळ पुढेही दिसलं. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रावळपिंडीत पाकिस्तानला 2-0. दुसऱ्या कसोटीत 26 वर सहा गेले होते. तिथून लिटन दासने 138 काढल्या, मेहदी हसनने 78, आणि सामना जिंकला. सहाव्या विकेटनंतर टीव्ही बंद करणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही.

आणि पोरखेळच काढायचा तर आपल्या दप्तरात काय कमी आहे? 1936 मध्ये इंग्लंडला आपला कर्णधार कोण, तर विजयनगरमचे महाराजकुमार, आणि फॉर्मात असलेल्या लाला अमरनाथना दौऱ्याच्या मध्यातून घरी पाठवलेलं. 1958-59 मध्ये वेस्ट इंडीज आली तेव्हा पाच कसोट्यांत चार कर्णधार: उमरीगर, गुलाम अहमद, मंकड, हेमू अधिकारी. मद्रास कसोटीच्या तोंडावर उमरीगरनी राजीनामा दिला, कारण संघ कुठला यावर एकमत होईना.

‘मतांच्या राजकारणातून आले’

आले असतील. 2000 मध्ये बांगलादेशला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा जागतिक क्रिकेट चालवणाऱ्या आयसीसीच्या अध्यक्षपदी जगमोहन दालमिया होते, आणि त्यांना मतांचं गणित कळत नव्हतं असं त्यांचे मित्रही म्हणणार नाहीत. पण भारत आत कसा आला? 1926 मध्ये वेस्ट इंडीज आणि न्यूझीलंडबरोबर, साम्राज्याचा भाग म्हणून. त्या वेळी बीसीसीआय हे आपलं मंडळ अस्तित्वातच नव्हतं. ते स्थापन झालं डिसेंबर 1928 मध्ये. आधी सदस्यत्व, मग मंडळ. गुणवत्तेची परीक्षा देऊन आत गेलेला एक तरी संघ दाखवा.

झिम्बाब्वेला या यादीत घालणं तर सरळ अन्याय आहे. अकराव्या कसोटीत पाकिस्तानला डावाने हरवणारा, 1998 मध्ये पाकिस्तानात मालिका जिंकणारा, 1998 आणि 2001 मध्ये हरारेत आपल्याला हरवणारा संघ होता तो. 2004 मध्ये कर्णधार हीथ स्ट्रीकला पदावरून काढल्याच्या वादातून पंधरा खेळाडू बाहेर पडले, 2006 ते 2011 संघ कसोटीतूनच बाजूला झाला. तिथे देशच मोडकळीला आला होता. त्याचं खापर गुणवत्तेवर कशाला?

‘विक्रमांची किंमत उतरते’

ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनची भारताविरुद्धची सरासरी 178.75. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 201.50. काढायच्या का त्या धावा? मग त्याच्या 99.94 च्या एकूण सरासरीचं काय होतं ते तुम्हीच बघा. 1947-48 च्या त्या मालिकेत आपण अगदी लिंबूटिंबू होतो, आणि ॲडलेडला ब्रॅडमनने 201 काढल्या त्याच सामन्यात आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, 116 आणि 145, लिंडवॉल-मिलर या वेगवान जोडीसमोर. लिंबूटिंबूंना बाहेर ठेवलं असतं तर या दोन खेळ्याही झाल्या नसत्या.

ऑस्ट्रेलियाच्या हेडनचे 380 झिम्बाब्वेविरुद्ध, दक्षिण आफ्रिकेच्या मुल्डरचे नाबाद 367 ही त्यांच्याचविरुद्ध. लोक ते बघताना समोर कोण होतं ते लक्षात ठेवतातच, त्यासाठी संघ हाकलायची गरज नाही. मला उलट नोव्हेंबर 2000 चं नागपूर आठवतं. सचिन नाबाद 201, द्रविड 162, आपण 6 बाद 609. एवढा वेळ स्टंपमागे उठाबशा काढल्या झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरने. मग फॉलोऑन, आणि त्याच फ्लॉवरच्या नाबाद 232. आपल्या फिरकीला रिव्हर्स स्वीप मारमारून सामना अनिर्णित. यष्टिरक्षकाची कसोटीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. विक्रम कुणाच्या खात्यात गेला बघा.

‘खालच्या गटात शिकतील’

आहेतच की खालच्या गटात! 2019 पासून जागतिक कसोटी स्पर्धा नऊ संघांची आहे. झिम्बाब्वे, आयर्लंड, अफगाणिस्तान तिच्या बाहेर. त्याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. जुलै 2019 मध्ये लॉर्ड्सवर आयर्लंडने इंग्लंडला पहिल्या दिवशी जेवणाआधी 85 धावांत उडवलं. टिम मुर्ताने 13 धावांत पाच. (पुढे चौथ्या डावात हेच आयर्लंडवाले 38 वर बाद झाले, तेही लिहायला हवं.) यानंतर त्यांची पुढची कसोटी कधी? एप्रिल 2023. पावणेचार वर्षं, शून्य कसोट्या. तेवढ्या काळात इंग्लंड चाळीसहून जास्त खेळला. मुर्ता तोवर चाळिशी ओलांडून गेला होता.

अडचण पैशाची आहे. मालिकेचं उत्पन्न यजमानाचं, आणि टीव्हीवाले पैसे मोजतात ते पाहुणा भारत किंवा इंग्लंड असेल तर. आयसीसीच्या 2024 ते 2027 च्या उत्पन्न-वाटपात सुमारे 38.5 टक्के एकट्या भारताकडे. आयर्लंडकडे कायमचं मोठं स्टेडियम नाही. मालाहाइडला क्लबच्या मैदानाभोवती तात्पुरते स्टँड उभारायचे आणि सामना झाला की उतरवायचे. खालच्या गटात टाकलं म्हणजे मोठे पाहुणे कायमचे बंद, म्हणजे हातात असलेला पैसाही बंद. 2016 मध्ये सात आणि पाच संघांच्या दोन गटांचा प्रस्ताव आला तेव्हा श्रीलंका, बांगलादेश, झिम्बाब्वेच्या बरोबरीने त्याला विरोध कुणी केला? बीसीसीआयने.

आणि ‘वरचे सहा’ ठरवणार कधीच्या तारखेला? फेब्रुवारी 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपले मुख्य खेळाडू घरच्या टी-20 लीगसाठी ठेवून न्यूझीलंडला असा संघ पाठवला की कर्णधार नील ब्रँडचीच ती पहिली कसोटी होती. मालिका 2-0 हरले. त्या मालिकेवरून गट पाडले असते तर ते खाली गेले असते. जून 2025 मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून तेच जगज्जेते झाले.

अफगाणिस्तानबद्दल एक आक्षेप मात्र मला पटतो, जो या मजकुरात नाहीच: त्यांचा महिला संघ नाही, देशात मुलींना खेळूच दिलं जात नाही. त्यावर आयसीसीला धारेवर धरा, मी बरोबर आहे. पण पुरुष संघाची गुणवत्ता? दुसऱ्याच कसोटीत पहिला विजय. आपल्याला पंचवीस लागल्या.

मामेभावाचा यावर लगेच मेसेज आला: ‘झिम्बाब्वे परवा ट्रेंट ब्रिजला तीन दिवसांत हरले, ते?’ हरले. मे 2025, एक डाव आणि 45 धावांनी. त्यातच सलामीच्या ब्रायन बेनेटने 139 काढल्या. त्याआधी झिम्बाब्वे इंग्लंडमध्ये कसोटी खेळला होता 2003 च्या मे-जूनमध्ये. तेव्हा इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसनचं लॉर्ड्सवर पदार्पण झालं. पुढे तो 188 कसोट्या खेळला, 704 विकेट घेतल्या, 2024 मध्ये निवृत्तही झाला, तरी झिम्बाब्वे परत तिथे कसोटी खेळला नव्हता. आणि बेनेट? त्याचा जन्म नोव्हेंबर 2003 चा.