खुलासा : कोर्टाने सांगितलं की सरकारला कायदा बदलावाच लागतो?

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘कायदा अन्यायाचा वाटला तर याचिका टाका, कोर्टाच्या हुकमाने सरकारला तो बदलावाच लागतो.’ हे खरं नाही. संविधानाविरुद्ध जाणारा कायदा कोर्ट रद्द करू शकतं. पण अमुक कायदा करा, असा हुकूम संसदेला देऊ शकत नाही. सुचवू मात्र शकतं.

उदाहरण आपल्याच शहरातलं. इंदूरच्या शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम बाईंना खालच्या कोर्टाने पोटगी दिली महिना २५ रुपये. हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, वर समान नागरी कायद्याची आठवणही करून दिली. आणि सरकारने काय केलं? १९८६ मध्ये उलट्याच दिशेचा कायदा : घटस्फोटित मुस्लिम बाईला नवऱ्याकडून पोटगी इद्दतीपुरतीच, म्हणजे घटस्फोटानंतरच्या साधारण तीन महिन्यांपुरती! मला आजही त्याची चीड येते. २००१ मध्ये कोर्टाने तो रद्द केला नाही, पण अर्थ घटस्फोटितेच्या बाजूने लावला : तिच्या पुढच्या आयुष्याची सोय नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीतच करून द्यायची.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल १९९७ चा, कायदा आला २०१३ मध्ये. मधली १६ वर्षं कोर्टाच्या मार्गदर्शक सूचनांवरच निघाली.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.