चार थिअऱ्या आणि एक मुकादम

परवा एका पीएचडीच्या सिनॉप्सिसला बसलो होतो. विषय मुंबईचे डबेवाले. स्क्रीनवर चार चौकटी, चारहींतून मधल्या गोलाकडे बाण : एजन्सी थिअरी, रिसोर्स बेस्ड व्ह्यू, इन्स्टिट्यूशनल थिअरी, सोशल कॅपिटल. मी विचारलं, "यातली एक काढली तर तुझं काय अडेल?" पोरगी गप्प. मग हळूच म्हणाली, "सर, एकच थिअरी असली की पेपर परत येतो म्हणतात."

खरं बोलली बिचारी. मॅनेजमेंटच्या संशोधनात ही खोगीरभरती आता नेहमीचीच झाली आहे. दर थिअरीमागे एक परिच्छेद, आणि शेवटी 'सर्वसमावेशक दृष्टिकोन' म्हणून शिक्का. माझं मत सरळ आहे : दोन थिअऱ्या एकमेकींशी भांडत नसतील तर त्यांना एका प्रबंधात आणू नका.

डबेवाल्यांचंच बघा. आधी एजन्सी थिअरीची चौकट, म्हणजे दुसऱ्याचं काम करणारा चुकारपणा करू नये म्हणून काय करायचं. तिथे हवाला दिला जातो त्या अल्चियन आणि डेमसेट्झ या अर्थतज्ज्ञांच्या १९७२ च्या पेपरात उदाहरण चक्क हमालीचं आहे. दोघं मिळून जड माल ट्रकमध्ये चढवतात. कुणी किती जोर लावला हे कसं कळणार? म्हणून देखरेखीला एक माणूस हवा, आणि त्याने झोपा काढू नयेत म्हणून सगळ्यांचं देणं भागवून उरेल ते त्याचं. आता लोकलच्या लगेज डब्यात डब्यांनी भरलेला तो लांबलचक क्रेट चढवताना बघा. तीच हमाली. पण इथला मुकादम स्वतः डबे वाहतो आणि वाटाही साधारण बाकीच्यांइतकाच घेतो. थिअरी इथे अडते.

मग सोशल कॅपिटलची चौकट, म्हणजे नात्यांची पुंजी. तिथे समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर, १९८५. व्यवहार नात्यागोत्यात रुतलेले असतात. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची माणसं. कामचुकारपणा केला तर गावच्या जत्रेत तोंड कसं दाखवणार? पटतं. पण मग न सांगता दांडी मारली, टोपी घातली नाही, की दंड कशासाठी? नातं पुरत असतं तर दंडाची गरजच पडली नसती. (भावकी म्हणजे विश्वास असं लिहिणाऱ्यांनी बांधावरची भांडणं पाहिलेली नसावीत.)

प्रबंध इथे सुरू होतो. नातं आहे म्हणून दंड जिव्हारी लागत नाही, की दंड सगळ्यांना सारखा म्हणून नातं टिकतं? हे तपासता येतं. पुतण्याने दांडी मारली तर मुकादम असलेला चुलता काय करतो, ते जाऊन बघायचं.

माणूस मुळात स्वार्थी, हे एकीचं गृहीतक. दुसरीला ते मान्य नाही. मग त्यांची मोट बांधायची कशी, असं कुणीतरी म्हणेलच. मोट बांधायची नाहीच. दोघींना एकाच मुकादमासमोर उभं करायचं.

तिने तिथल्या तिथे उरलेल्या दोन चौकटी उडवल्या. निघताना दारात थांबून म्हणाली, "पण सर, मुकादमानेच टोपी घातली नाही तर दंड कोण करतं?"