आधी रेकॉर्डिंग बघा, मग डीव्हीआर भंगारात काढा

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर कोटेशन आलं. एक लाख अठरा हजार, वर जीएसटी. आठ नवीन आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवर चालणारे), नवीन एनव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), पीओई स्विच (एकाच केबलमधून वीज आणि चित्र नेणारा), सगळी वायरिंग नव्याने. खाली सेक्रेटरींचा मेसेज: "जुना डीव्हीआर खराब झाला आहे. दुरुस्तीत अर्थ नाही असं व्हेंडरचं म्हणणं आहे. रविवारी मीटिंगमध्ये मंजुरी घेऊ." डीव्हीआर म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. इथपर्यंत वाचून मी रविवारचीच वाट बघितली असती. पण त्याखाली एकांनी लिहिलं, "नवीन सिस्टीम आली की असले चोर वॉचमन लगेच पकडता येतील." आणि त्याला भराभर अंगठे पडले.

चोर वॉचमन. सही झालेला जबाब असावा इतक्या खात्रीने लिहिलं आहे. म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

दिवाळीनंतर आमच्या पार्किंगमधून एका मेंबरच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्रीतून गेली. महागाची वस्तू, वाईट वाटणारच. सकाळी सगळे खाली जमले आणि रात्रपाळीच्या वॉचमनमामांना मध्ये उभं केलं. मामा नांदेडकडचे, साठीला आलेले. कुणी म्हणे झोपला असेल, कुणी म्हणे यानेच कुणाला तरी आत सोडलं. मामा ओरडले नाहीत, रडले नाहीत. एकच वाक्य परत परत म्हणत राहिले, "मी रातभर गेटावरच होतो ताई. कॅमेऱ्यात बघा की."

कॅमेऱ्यात बघा की. आमच्यापैकी कुणाचाही नसेल एवढा त्या माणसाचा त्या डब्यावर विश्वास होता.

आणि डब्यात काही नव्हतं. मीटर रूममधल्या स्क्रीनवर आठही चौकोन व्यवस्थित दिसत होते, गेट, लिफ्ट, पार्किंग, सगळं. प्लेबॅक लावला तर रिकामा. त्या रात्रीचं नाही, आदल्या रात्रीचं नाही, आदल्या महिन्याचंही नाही. दुपारपर्यंत एजन्सीने मामांना काढलं. बॅग घेऊन ते बसस्टॉपवर उभे होते, ते मी बाल्कनीतून बघितलं.

बरेच लोक ज्या गोष्टीत फसतात ती इथे सांगते. डीव्हीआरमध्ये हार्ड डिस्क मेलेली असली, किंवा मुळात नसलीच, तरी लाईव्ह चित्र दिसत राहतं. चित्र कॅमेऱ्यातून बोर्डात आणि बोर्डातून स्क्रीनवर येतं, त्याला डिस्क लागत नाही. डिस्क लागते ती साठवायला. त्यामुळे "चालू आहे ना, दिसतंय ना" या भरवशावर महिनोन्महिने काढता येतात. आमच्याकडे तेच झालं.

मी चेअरमनकाकांची परवानगी घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एका ओळखीच्या मेकॅनिक मुलाला आणलं. त्याने माझ्यासमोर डबा उघडला. आत साध्या कॉम्प्युटरला लावतात ती डेस्कटॉप डिस्क होती. २०१७ साली कॅमेरे बसवून ज्याने पैसे पूर्ण घेतले, त्यानेच ही डिस्क बसवली होती. सीसीटीव्हीसाठी वेगळ्या सर्व्हेलन्स डिस्क मिळतात, चोवीस तास, बारा महिने लिहीत राहण्यासाठी बनवलेल्या. आमचे आठ कॅमेरे, प्रत्येकी दोन एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) धरले तरी दिवसाला पावणेदोनशे जीबीच्या आसपास लिखाण होतं. वर्षाला साठ टीबीच्या वर. घरच्या कॉम्प्युटरची डिस्क एवढ्या रगाड्यासाठी नसतेच. तरी ती बिचारी इतकी वर्षं टिकली.

मग त्याने सेटिंग उघडली आणि माझं डोकंच तापलं. डिस्कमध्ये बिघाड झाला की डीव्हीआर बीप-बीप ओरडतो. तो बजर कुणीतरी मेनूत जाऊन बंद केला होता. मी चौकशी केली. "सारखा आवाज यायचा, ऑफिसात बसवत नव्हतं, म्हणून व्हेंडरला फोन करून बंद करून घेतला," असं मला सरळ सांगण्यात आलं. म्हणजे यंत्राने सांगितलं होतं. आवाज करून, ज्याला समजेल त्याला समजेल असं सांगितलं होतं. आपण त्याचं तोंड बंद केलं, आणि नंतर म्हणालो यंत्र खराब!

तारीखही चुकलेली. स्क्रीनच्या कोपऱ्यात २००० साल. आतला बटणासारखा सेल संपला होता, चाळीस-पन्नास रुपयांचा. आमच्याकडे अधूनमधून गुरुवारी लाईट जाते (पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार, पुणेकरांना सांगायला नको), डीव्हीआरला यूपीएस नाही, त्यामुळे लाईट गेली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. डिस्कवर शेवटचं जे धड उघडलं त्यात पार्किंगमध्ये गणपतीचा मांडव दिसत होता, त्यावरून आम्ही महिना ओळखला.

त्या मुलाने सेल बदलला, दुकानातली दुसरी डिस्क तात्पुरती लावली, दोन तास रेकॉर्डिंग केलं आणि आठही कॅमेऱ्यांचा प्लेबॅक लावून दाखवला. स्वच्छ. बोर्ड ठीक, पोर्ट ठीक, एकही कपॅसिटर फुगलेला नाही. अॅडॅप्टर जुना झालाय म्हणाला, तोही बदलून घ्या. सर्व्हेलन्सची दोन टीबीची डिस्क, अॅडॅप्टर, एक छोटा यूपीएस, त्याची मजुरी, सगळं मिळून दहा-बारा हजारांचा कागद मी कमिटीला दिला. तो कागद आजतागायत फाइलमध्ये पडून आहे. तात्पुरती लावलेली स्वतःची डिस्क तो मुलगा परत घेऊन गेला. हे लिहिताना, आत्ता या क्षणी, आमच्या सोसायटीत रेकॉर्डिंग बंद आहे. आज रात्री काही झालं तर आणखी एका गरिबाला मध्ये उभं करायचं.

एक लाख अठरा हजार विरुद्ध दहा-बारा हजार. माझा मुद्दा नुसता पैशांचा असता तरी तो पुरेसा होता. सिंकिंग फंडात पैसा आहे म्हणून तो उडवायचा नसतो, आमच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग तीन पावसाळे रखडलं आहे.

व्हेंडर म्हणतो जुनं चालणारच नाही, सरकारचा नवा नियम आला. मी तेही वाचलं. ९ एप्रिल २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. नवीन घेताना जरूर बघावं. पण लोकांच्या भिंतीवरचे चालू कॅमेरे काढून फेका, असं त्यात कुठेही नाही. वयस्कर मेंबरांना नियमाची भीती घालून माल विकणं मला अत्यंत हलकं वाटतं.

हो, नवीन मशीनचे फायदे आहेत. एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) तेवढ्याच डिस्कवर जवळपास दुप्पट दिवस मावतात, मान्य. आयपी कॅमेऱ्यात गाडीचा नंबर जास्त स्पष्ट येतो, मान्य. जुन्या डीव्हीआरला कंपनी सुरक्षेचे अपडेट देत नाही हा मुद्दा तर खराच आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असेच डीव्हीआर आणि कॅमेरे, ज्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते, ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. मग इंटरनेटची केबल काढा ना! आमच्यापैकी किती जण मोबाइलवर गेट बघत बसतात? पासवर्ड बदला, केबल काढा, विषय संपला.

आणि बोर्डच गेला असता, वीज पडून पोर्ट जळले असते, तर मीच म्हटलं असतं की डबा बदला. पण तेव्हाही फक्त डबा. आठ चॅनलचा नवा एक्सव्हीआर, म्हणजे नव्या पिढीचा डीव्हीआर, जुन्या कॅमेऱ्यांवर, जुन्याच कोअॅक्सियल केबलवर चालतो, डिस्कसकट पंधरा हजारांच्या आत बसतो. डबा गेला म्हणून भिंतीतल्या वायरी उपटायच्या हे कुणाच्या डोक्यातून येतं? विकणाऱ्याच्या.

पण खरं सांगते, मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट खाते आहे. समजा घेतली नवीन सिस्टीम. तिची डिस्क तीन वर्षांनी, पाच वर्षांनी जाणार. तीही ओरडणार. तेव्हा तिचा बजर कोण बंद करणार आहे? आठवड्यातून एकदा प्लेबॅक कोण लावून बघणार आहे? कोटेशनमध्ये आठ ओळी आहेत, त्यात हे कुठेच नाही. एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची, एक ओळ आहे. एएमसी आत्ताही होती. दर तीन महिन्यांनी माणूस यायचा, कॅमेऱ्याच्या काचा पुसायचा, सही घ्यायचा आणि जायचा. प्लेबॅक त्याने लावला नाही आणि सही देणाऱ्यानेही लावायला सांगितलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला आहे, जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र लागतंच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्यातही यंत्राचा तपशील, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा), सगळं लिहून द्यावं लागतं. काही मिनिटांच्या फरकावर आमदारकीचा खटला उभा राहतो. आमच्या डब्यात २००० साल. उद्या कोर्टात आमच्या सोसायटीकडून कोण काय लिहून देणार होतं?

२०२० च्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग शक्य असेल तर अठरा महिने, निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं. का? कारण कोठडीतल्या माणसाला कॅमेऱ्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. मामांनाही नव्हता. रात्री दोन वाजता गेटवर एकटा बसलेला माणूस. बायको गावाकडे, मुलगा पुण्यात डिलिव्हरीची कामं करतो. त्याच्या बाजूने बोलू शकेल अशी एकच गोष्ट त्या आवारात होती आणि ती त्याला माहीत होती. म्हणून तो तेवढंच म्हणत होता.

मला कुणी सांगेल की त्याने चोरी केलीच नाही हे तरी कशावरून. नाही सांगता येत. रेकॉर्डिंग नाही म्हणून मलाही नाही सांगता येत. पण मग तुम्हालाही "चोर" म्हणता येत नाही, एवढं सरळ आहे ना हे?

सेक्रेटरींबद्दल राग लिहायला बसले होते, आता थोडा निवळला. ते बिनपगारी काम करतात, टँकरचे, लिफ्टचे, गळतीचे फोन रात्री-अपरात्री घेतात. त्यांना डीव्हीआरच्या मेनूत काय असतं हे माहीत असायची सक्ती नाही. पण व्हेंडरला होती. पैसे त्याने घेतले होते.

एक काळजी मात्र सगळ्यांनी घ्या. नवीन घ्या, जुनं दुरुस्त करा, काहीही करा, जुनी डिस्क भंगारवाल्याला किंवा व्हेंडरला तशीच देऊ नका. आपल्या मुली किती वाजता क्लासला जातात, कोणाच्या घरी कोण येतं, कोण गावाला गेलं की घर बंद असतं, सगळं त्यात असतं. खराब डिस्कमधूनही बरंच काही परत काढता येतं. समोर ड्रिल मारून घ्या, मग ई-कचऱ्यात द्या.

रविवारी मी मीटिंगला जाणार आहे. डिस्क आणि यूपीएस या आठवड्यातच बसवा, बाकीची चर्चा नंतर करा, हा माझा पहिला ठराव. मीटर रूममध्ये एक वही ठेवा, दर शनिवारी दोन मेंबरांनी आदल्या रात्रीचा प्लेबॅक लावून, तारीख-वेळ तपासून सही करायची, हा दुसरा. आणि "चोर वॉचमन" हा मेसेज ज्यांनी टाकला त्यांनी तो ग्रुपवरच मागे घ्यायचा. हा तिसरा ठराव मंजूर नाही झाला तरी मी मांडणार आहे आणि मिनिट्समध्ये लिहून घेणार आहे.

मामांशी माझं मधून मधून फोनवर बोलणं होतं. आता एका बांधकामाच्या साइटवर आहेत, पत्र्याच्या खोलीत राहतात. सिंहगड रोड, धायरी, वडगाव भागात कुणाच्या सोसायटीत चांगल्या माणसाची गरज असेल तर मला इनबॉक्स करा, मी स्वतः त्यांची ओळख देते.

एडिट: कमेंटमध्ये विचारलंय म्हणून लिहिते. घरी किंवा दुकानात डीव्हीआर असेल तर आज एवढंच करा. मेनूत एचडीडीची (हार्ड डिस्कची) स्थिती बघा, कालच्या रात्री तीनचा प्लेबॅक लावा, कोपऱ्यातली वेळ मोबाइलशी जुळवा, आणि एचडीडी एररचा बजर चालू आहे ना ते तपासा. डिस्क घेताना दुकानात "सर्व्हेलन्सची द्या" असं स्पष्ट सांगा, बिलावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या आणि डबा बंद करायच्या आधी लेबल स्वतः वाचा. तपकीर गल्लीतल्या त्या मुलाचा नंबर ज्यांनी मागितला त्यांना त्याला विचारून पाठवते.