‘तीन तास बसवून ठेवलं, फोटो सहाच’ या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार मिळाला, वाचलं. तुमचं म्हणणं असं, की चार वाजता आलेली आमची पोरं सातपर्यंत घरभर नुसती हिंडली, चांगल्या चालू ट्यूबा बंद केल्या, भर मे महिन्यात पंखे बंद करून तुम्हाला घामाघूम केलं, आणि शेवटी वीस मिनिटांत तुमच्या होमस्टेचे फोटो उरकून पूर्ण पैसे घेतले. पुतण्याने दुपारी मोबाईलवर काढलेले फोटो याहून उजेडाचे आहेत, हेही.

ताई, ती वीस मिनिटं आम्ही ठरवलेली नाहीत. मावळल्यावर सूर्य साधारण चार मिनिटांना एक अंश खाली जातो, आणि सहा अंश खाली गेला की आकाशातला कामाचा निळा उजेड संपलाच. सोलापुरात हा सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. त्यातही बाहेरचं आकाश आणि आतले दिवे बरोबरीला येतात ती वेळ अगदीच थोडी. पूर्वेकडे आधी अंधारतं, म्हणून स्वयंपाकघर पहिलं घेतलं आणि पश्चिमेचा हॉल शेवटी. तेव्हा फ्रेम शोधत बसलो असतो तर हॉलच्या खिडक्या काळ्याठिक्कर आल्या असत्या. शहाबादी फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे दिसले ना, त्या ट्रायपॉडच्या पायांच्या जागा. चारपासून तेच चाललं होतं.

ट्यूबचा उजेड 6500 केल्विनचा, तुमच्या कोपऱ्यातल्या लॅम्पचा 2700 चा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर). दोन्ही चालू ठेवले की सोफा पिवळा आणि भिंत निळसर पांढरी. नवा रंग दिलेलं घर आजारी दिसतं. बाहेर निळं आणि आत फक्त उबदार पिवळं, असं हवं असेल तर ट्यूब बंदच लागते. पंख्याचं म्हणाल तर मे महिन्यात इथं पंखा बंद म्हणजे शिक्षाच, मान्य. पण शटर चार-चार सेकंद उघडं असतं. तेवढ्यात पडदा हलतो, पलंगावरच्या चादरीची दशी हलते, सगळं पुसट येतं. काळं कापड धरून उभा असलेला पोरगा तुम्हाला विनोदी वाटला, पण तो टीव्हीच्या काचेतलं लॅम्पचं प्रतिबिंब अडवत होता.

आता पुतण्याचा फोटो. उजेड आहे, नाही म्हणत नाही. पण उजेड मोजायचं माप लक्स, त्यात दुपारी बाहेर लाखभर, हॉलमध्ये दोन-तीनशे; खिडकी पांढरीफटक येणारच. ज्याच्यासाठी एवढी मोठी काच बसवलीत तो फुललेला गुलमोहर त्यात शोधून दाखवा. आमच्या फोटोत तो दिसतो, कारण त्याच्या बुंध्याशी आम्ही एक छोटा दिवा ठेवला होता. शिवाय तुमच्या होमस्टेला येणारे लोक अक्कलकोट-तुळजापूर करून दिवेलागणीलाच दारात येतात. त्यांना घर दिसणार ते असंच.

सहा फोटो, एक संध्याकाळ, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं आहे. त्यामुळे पैसे परत होणार नाहीत. स्वयंपाकघराचा फोटो अंधारा वाटत असेल तर मूळ फाईलमधून ओट्याकडचा भाग उजळून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दिवसाउजेडीचेही फोटो हवे असतील तर निम्म्या दरात काढू. मात्र सकाळी नऊच्या आत, आणि पंखे तेव्हाही बंदच राहतील.